सीआरडीबी वापरून बघितलं: जादा पॉझिट्रॉन कुठून येतात, डार्क मॅटरच्या क्षयातून?

पॉझिट्रॉन म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन. अवकाशातून येणाऱ्या कणांत ऊर्जा वाढेल तसा त्याचा वाटा वाढत जातो, तो वर चढत जाणारा आलेख मी आजवर निदान पन्नास वेळा तरी पाहिला असेल. कधी लेखात, कधी व्हिडिओत, कधी कुणाच्या स्लाइडवर, आणि दरवेळी तो दुसऱ्याच कुणीतरी काढलेला, त्याला हवे तेवढेच बिंदू ठेवून. मागे एक ऑनलाइन कोर्स केला होता, त्यात तर एकाच प्रयोगाचे बिंदू दाखवून "हा बघा डार्क मॅटरचा पुरावा" (डार्क मॅटर म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणावरून ओळखलेलं द्रव्य) म्हणून सरळ पुढच्या धड्यावर गेले. प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही. कोर्सचं नाव घेत नाही, पण त्याच रागातून मी सीआरडीबी उघडली, आणि गेले दोन-तीन महिने रोज रात्री तिच्यावरच बसतेय, म्हणून हा रिव्ह्यू.

सीआरडीबी म्हणजे कॉस्मिक रे डेटाबेस. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या एलपीएससी प्रयोगशाळेतली मंडळी २०१३ पासून ती चालवतात. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत. बलून, उपग्रह, स्पेस स्टेशन, सगळीकडच्या विद्युतभारित कॉस्मिक किरणांची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांची, मोजमापं एका जागी, एकाच साच्यात. २०२३ च्या आवृत्तीत तर जमिनीवरच्या डिटेक्टरांनी मोजलेले अतिप्रचंड ऊर्जेचे कणही आलेत. साइट दिसायला जुनाट आहे, मोबाइलवर उघडू नका, लॅपटॉपच घ्या.

वापरायची पद्धत सोपी. डेटा काढायच्या पानावर जायचं, वर कुठला कण आणि खाली कुठला ते निवडायचं. मी वर पॉझिट्रॉन ठेवला आणि खाली इलेक्ट्रॉन अधिक पॉझिट्रॉन, म्हणजे झाला पॉझिट्रॉन फ्रॅक्शन. मग ऊर्जेचा अक्ष कुठला हवा ते, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठले प्रयोग हवेत ते, आणि एंटर. खाली प्लॉट येतो आणि त्याच्याखाली टेबल. टेबलमध्ये प्रत्येक बिंदूची स्टॅटिस्टिकल एरर (मोजलेले कण थोडे असल्यामुळे येणारी) वेगळी, सिस्टिमॅटिक एरर (यंत्र आणि पद्धतीमुळे येणारी) वेगळी, मोजमाप कधी ते कधी झालं त्या तारखा, त्या काळातली सौर मॉड्युलेशनची पातळी (सूर्याने कण किती अडवले ते), आणि मूळ पेपरची लिंक. मला हे टेबल बघूनच भरून आलं, खरंच सांगते, कारण या तारखांच्या कॉलममुळेच पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात शिरली जी कुणी समजावलीच नव्हती.

ती अशी. सगळे प्रयोग एकत्र टाकले की ५ जीईव्हीच्या (हे कणांच्या ऊर्जेचं एकक, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) खाली पामेला या उपग्रहावरच्या प्रयोगाचे बिंदू १९९० च्या दशकातल्या बलूनच्या बिंदूंपेक्षा चक्क खाली बसतात. मला वाटलं कोणीतरी चुकलंय. चुकलं कोणीच नाही, मधल्या काळात सूर्याची चुंबकीय दिशा उलटली, आणि सौर वारा धन आणि ऋण कणांना सारखा अडवत नाही, त्यामुळे त्याच जागी त्याच ऊर्जेला फ्रॅक्शन वेगळा येतो. म्हणजे १० जीईव्हीच्या खालच्या भागावरून डार्क मॅटरबद्दल बोलायचंच नाही, तिथे सूर्य बोलतोय. तारखांचा कॉलम नसता तर मी अजून दोन्ही एकत्र फिट करत बसले असते.

आता मूळ भानगड काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे रिव्ह्यूचा पुढचा भाग कळेल. कॉस्मिक किरणांतले प्रोटॉन ताऱ्या-ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या वायूवर आपटतात, त्यातून पायॉन, पायॉनमधून म्युऑन (दोन्ही क्षणभरच टिकणारे कण), म्युऑनमधून पॉझिट्रॉन. एवढाच एक रस्ता असता तर ऊर्जा वाढेल तसा पॉझिट्रॉनचा वाटा कमी कमी होत जायला हवा. हीट नावाच्या बलून प्रयोगाला १९९० च्या दशकातच थोडी गडबड दिसली होती. मग २००६ मध्ये पामेला उडाला, २००९ मध्ये त्याचा निकाल आला, १० जीईव्हीच्या पुढे वाटा कमी होण्याऐवजी वाढतोय, १०० जीईव्हीपर्यंत वाढतोय. फर्मी उपग्रहावर तर धन आणि ऋण कण वेगळे करायला लागतं ते चुंबकच नाही, तिथल्या लोकांनी पृथ्वीच्याच चुंबकीय क्षेत्राचा चाळणीसारखा वापर करून २०१२ मध्ये २० ते २०० जीईव्हीमध्ये तीच चढण दाखवली (ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते). आणि मग एएमएस-०२, मे २०११ मध्ये एंडेव्हर यानातून स्पेस स्टेशनवर गेलेला. त्याने २०१३ मध्ये पहिला निकाल दिला, ६८ लाख इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन मिळून, आणि २०१९ मध्ये एकट्या पॉझिट्रॉनचे १९ लाख, १ टीईव्हीपर्यंत.

हे सगळं सीआरडीबीवर एका प्लॉटवर बघताना जे कळतं ते वाचून कळत नाही. पामेलाचे एरर बार शेवटी शेवटी हातभर लांब, आणि एएमएसचे बिंदू त्याच जागी इतके घट्ट की एरर बार दिसतच नाहीत. एक साधी चढण होती तिचं एका पिढीत पूर्ण चित्र झालं.

पण माझं सगळ्यात आवडतं बटण म्हणजे फ्लक्सला (ठरावीक जागेवर ठरावीक वेळात किती कण येतात त्या आकड्याला) ऊर्जेच्या घाताने गुणायची सोय. आणि इथे एक सल्ला, फ्रॅक्शन बघून थांबू नका, नुसत्या पॉझिट्रॉनचा फ्लक्स काढा आणि ऊर्जेच्या तिसऱ्या घाताने गुणा. कारण फ्रॅक्शन म्हणजे भागाकार, खालचे इलेक्ट्रॉन कमी झाले तरी वर जाणार, त्यात पॉझिट्रॉनचं काही कर्तृत्व नसेल. फ्लक्स काढला की शंका मिटते. साधारण २५ जीईव्हीपासून पॉझिट्रॉन स्वतःच वर उठतात, २८० च्या आसपास कुठेतरी माथा येतो आणि मग जोरात उतरण. एएमएसच्या लोकांनी त्या उतरणीची कटऑफ ऊर्जा ८१० जीईव्ही काढलीय, एरर बरीच मोठी आहे, पण उतरण आहे हे डोळ्यांना दिसतं. हा उंचवटा पहिल्यांदा स्वतः काढला तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते.

आणि उंचवटा दिसला की डोक्यात पहिला विचार वस्तुमानाचाच येतो. एखादा जड कण आहे, तो फुटतो, त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतात, आणि दोन कणांत फुटत असेल तर एकाला मूळ वस्तुमानाच्या निम्म्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळूच शकत नाही, म्हणून पुढे उतरण. फिट करायला मी पीपीपीसी नावाचे तक्ते घेतले, तेही फुकट मिळतात, २०१० च्या शेवटी आलेले, ५ जीईव्हीपासून १०० टीईव्हीपर्यंतच्या डार्क मॅटर कणातून कुठल्या चॅनेलला (म्हणजे कण कशात फुटतो त्या प्रकाराला) किती पॉझिट्रॉन, किती अँटिप्रोटॉन, किती गॅमा निघतील ते सगळं त्यात आहे. क्षयासाठी वापरताना एक लक्षात ठेवायचं, ते तक्ते दोन कण एकमेकांना नष्ट करतात या हिशोबाने आहेत, म्हणून क्षय पावणाऱ्या कणाचं वस्तुमान निम्मं करून टाकायचं. हे मी पहिले चार दिवस केलं नव्हतं आणि सगळे आकडे दुप्पट सरकलेले.

आता नष्ट होणं आणि क्षय यातला फरक का महत्त्वाचा ते सांगते, कारण बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच दमात बोलून टाकतात. नष्ट व्हायला दोन कण भेटावे लागतात, म्हणून दर घनतेच्या वर्गावर जातो. क्षयाला कोणी भेटायला नको, कण एकटाच फुटतो, दर नुसत्या घनतेवर. पहिल्या प्रकारात पॉझिट्रॉनची ही संख्या जुळवायची तर विश्वाच्या सुरुवातीच्या हिशोबातून जो दर येतो त्याच्या शंभर ते हजारपट दर मानावा लागतो, आणि तसं मानलं की विश्व तरुण असताना, सगळं दाटीवाटीने असताना, इतकी ऊर्जा ओतली गेली असती की मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीवर (तरुण विश्वातून उरलेल्या प्रकाशावर) तिचा ठसा राहिला असता. ती मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाला तो दिसला नाही. क्षयात ही अडचण खूप सौम्य होते, तेव्हाही कण तेवढ्याच संथपणे फुटत होते. म्हणून मला क्षयाची कल्पना जास्त प्रामाणिक वाटते, तिला वरून ठिगळ लावावं लागत नाही.

किती संथ म्हणाल तर १० च्या २६ व्या घाताएवढे सेकंद आयुर्मान. विश्वाचं वय सेकंदात मोजलं तर १० च्या १७ व्या घाताच्या चौपटीला थोडं जास्त, म्हणजे हा कण विश्वाच्या वयाच्या कोट्यवधी पट टिकतो, तरी त्याचा क्षय आपल्याला दिसावा असं म्हणणं आहे. हे पटेना म्हणून कागदावर हिशोब केला, तुम्हीही करून बघा. आपल्या भागात डार्क मॅटर दर घन सेंटिमीटरला ०.४ जीईव्ही धरू. कण ३ टीईव्हीचा धरला तर ७.५ लिटर जागेत एक कण. आणि पृथ्वीच्या आकाराएवढ्या जागेत साधारण १२ मिनिटांनी एकाचा क्षय. १२ मिनिटांत एक! आणि तरी आकाशगंगेचा एवढा मोठा पसारा घेतला, लाखो वर्षं साठू दिलं, की एएमएसला दिसतं तेवढं भरतं. मला डार्क मॅटर या गोष्टीची जवळीक अशी कधीच जाणवली नव्हती.

अजून एक योगायोग आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रोटॉनचा क्षय व्हायला जी महाएकीकरणाची पातळी लागते (गुरुत्वाकर्षण सोडून बाकीची बलं जिथे एक होतात असं मानतात ती), १० च्या १६ व्या घाताएवढे जीईव्ही, त्याच पातळीच्या भौतिकीमुळे टीईव्ही वजनाचा कण फुटत असेल तर त्याचं आयुर्मान साध्या हिशोबात १० च्या २६ ते २७ व्या घाताच्या आसपासच येतं. २००८-०९ मध्ये लोक या कल्पनेच्या प्रेमात का पडले ते इथे कळतं. पॉझिट्रॉन मोजता मोजता आपण अशा ऊर्जेपर्यंत पोचतो जिथे कुठलंही यंत्र कधी जाणार नाही.

फिटचं काय झालं? आकार जमतो. म्युऑन किंवा टाऊच्या (म्युऑनचाच जड भाऊ) जोडीत फुटणारा काही टीईव्हीचा कण घेतला की उंचवटा बऱ्यापैकी बसतो. सरळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमध्ये फुटला तर शेवटी कडा फार धारदार येते, डेटा तसा नाही. क्वार्क किंवा डब्ल्यू कण घेतले तर अँटिप्रोटॉन ढिगाने निघतात, आणि इथे पुन्हा सीआरडीबी कामाला आली. त्याच पानावर वर अँटिप्रोटॉन, खाली प्रोटॉन निवडा, पामेला आणि एएमएस दोन्हीचे बिंदू येतात, आणि त्या प्रमाणात तसला उंचवटा कुठेच नाही. म्हणजे कण असलाच तर लेप्टॉनांवरच (इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ यांच्या कुटुंबावरच) मेहेरबान असलेला हवा. दोन क्लिकमध्ये निम्मी मॉडेल्स बाद. हे मी कुणाच्या सांगण्यावरून मान्य केलं नाही, माझ्या प्लॉटवर बघितलं, आणि यासाठीच मी या साइटला पाचपैकी साडेचार देतेय.

अर्धा कुठे गेला ते पण सांगते. एक म्हणजे सिस्टिमॅटिक एरर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत कशा जोडलेल्या आहेत ते टेबलमध्ये मिळत नाही. यात दोष साइटचा नाही, प्रयोगवालेच सहसा ते छापत नाहीत, पण नवीन माणूस सगळ्या एरर सुट्या धरून फिट करतो आणि त्याचं काय-वर्ग (फिट किती जमला ते सांगणारा आकडा) इतकं सुंदर येतं की त्याला वाटतं आपण डार्क मॅटर शोधलं. मला दोन दिवस तसं वाटलं होतं. साइटवर या बाबतीत ठळक अक्षरात एक सूचना असायला हवी.

दुसरी गोष्ट मोठी. इथे फक्त भारित कण आहेत, गॅमा किरण नाहीत, आणि क्षयाच्या कल्पनेचा खरा घाम गॅमा किरणांनीच काढलाय. विचार करा, कण फुटत असेल तर तो फक्त आपल्या शेजारी फुटणार नाही, प्रत्येक आकाशगंगेत, प्रत्येक समूहात, सगळ्या विश्वात फुटणार. त्यातून थेट गॅमा निघणार, शिवाय निघालेले पॉझिट्रॉन मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीच्या फोटॉनांना धडक देऊन त्यांना गॅमापर्यंत उचलणार. फर्मीने आकाशातून सगळीकडून सारखी येणारी गॅमा पार्श्वभूमी ८२० जीईव्हीपर्यंत मोजलीय, आणि तिच्यात एवढी जागाच शिल्लक नाही. टाऊचं चॅनेल तर तिथे पार अडचणीत येतं कारण टाऊमधून न्यूट्रल पायॉन आणि त्यातून भरपूर गॅमा. म्युऑनचं जरा तग धरतं पण तेही ओढाताणीतच. नुसती सीआरडीबी बघून निष्कर्ष काढलात तर ही अर्धी गोष्ट हुकेल. फर्मीचा डेटाही सगळ्यांना खुला आहे, दुसऱ्या टॅबमध्ये तो उघडा ठेवा.

आणि दुसरा दावेदार पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारे मेलेल्या ताऱ्यांचे गाभे. टीईव्हीचा पॉझिट्रॉन लांबून येऊच शकत नाही, चुंबकीय क्षेत्रात आणि प्रकाशाला धडका देत देत साधारण ३ लाख वर्षांत त्याची ऊर्जा संपते, तेवढ्यात तो भरकटत भरकटत काही हजार प्रकाशवर्षंच जातो. म्हणजे उगम जवळच हवा. क्षयाला ते चालतं, डार्क मॅटर जवळही आहेच. पण जवळच जेमिंगा आहे, सुमारे ८०० प्रकाशवर्षांवर, वय ३ लाखांच्या वर, आणि मोनोजेम, थोडा लांब पण तरुण. पल्सार इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार करतात हे माहीतच आहे. २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या हॉक वेधशाळेने या दोघांभोवती टीईव्ही गॅमाचं मोठं वलय दाखवलं, म्हणजे तिथून तेवढ्या ऊर्जेचे कण बाहेर पडतायत हे पक्कं झालं. गंमत बघा, त्याच पेपरात म्हटलं की वलयाच्या आकारावरून कण तिथून फारच हळू पसरतायत, नेहमीच्या अंदाजाच्या शंभरपट हळू, त्यामुळे ते आपल्यापर्यंत पोचणार नाहीत, म्हणून डार्क मॅटरवाले खूश. मग बाकीच्यांनी दाखवलं की हळूपणा फक्त पल्सारच्या जवळच्या भागात असेल आणि बाहेर नेहमीसारखं असेल तर पोचतात. हा वाद मी अजून मनापासून फॉलो करतेय.

माझं आजचं मत विचाराल तर पल्सारचं पारडं जड आहे. मला क्षयाची कल्पना जास्त आवडते, फार आवडते, पण आवडणं वेगळं आणि गॅमाची मर्यादा वेगळी. पल्सार आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांच्यासाठी नवीन कण मानावा लागत नाही. दिशेवरून निकाल लागू शकतो असं वाटतं, एखाद्याच जवळच्या पल्सारमधून येत असतील तर त्या बाजूने किंचित जास्त यायला हवेत, पण एएमएसला तसा कल सापडला नाही, २ टक्क्यांच्या आतच आहे इतकंच म्हणता येतं, आणि पल्सारवाल्या मॉडेलांचा अंदाज त्याहूनही कमी असतो, त्यामुळे अजून कोणीच हरलं नाहीये.

कोणासाठी आहे ही साइट? ज्याला लॉगरिदमिक अक्ष वाचता येतो आणि दोन तास शांतपणे बसता येतं त्या कुणासाठीही. कोडिंग येत असेल तर पायथनमधूनही डेटा ओढता येतो, नसेल येत तरी टेबल उतरवून स्प्रेडशीटमध्ये भागतं. शिकवणाऱ्यांनी तर वर्गात थेट उघडून दाखवावी. एक मात्र सांभाळा, उतरवताना एएमएसचे २०१३, २०१४ आणि २०१९ असे तीन संच एकदम टिक होतात. तिन्हीत सुरुवातीच्या वर्षांचे तेच कण पुन्हा मोजलेले आहेत, त्यामुळे फिट करताना फक्त शेवटचा ठेवा, बाकीचे दोन प्लॉटवर बघायला ठेवले तरी हरकत नाही.